कडवळाचा भारा: सहावीतली एक मुलगी आणि तिचा गोठा

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातलं आहे. मी तिथल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावीला शिकवते. माणसांची नावं लिहीत नाही आणि ओळख पटेल अशा दोन-चार खुणाही बदलल्यात. जनावरांची नावं मात्र आहेत तीच ठेवलीत, त्यांची काही हरकत नसावी.

पार्श्वभूमी

आटपाडी म्हणजे माणदेश. पाऊस सह्याद्रीवर पडून संपतो आणि आमच्याकडं नुसता वारा येतो. जोंधळा, खिल्लार जनावर, शेळ्या-मेंढ्या आणि बाहेरगावची कमाई यावर इथली घरं चालत आली. बाहेरगावची कमाई म्हणजे बहुतेक गलाई. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या या धंद्यात खानापूर-आटपाडीकडची माणसं देशभर पांगलीत. त्यामुळं वर्गात वडिलांचं नाव विचारलं की पोरं सांगतात, आणि कुठं आहेत विचारलं की कोइमतूर, मदुराई, कोलकाता अशी उत्तरं येतात.

या मुलीचे वडील तमिळनाडूत गलाईच्या दुकानात कामाला. जत्रा आणि दिवाळी अशा वर्षातून दोन खेपा. घरी आजी, आई, अकरा वर्षांची ही मुलगी आणि अंगणवाडीतला भाऊ. दोन एकर रान. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून आमच्या भागात आणलं, त्यातला एक पाट त्यांच्या रानाच्या कडेनं जातो, म्हणून वीसेक गुंठे भिजतात. बाकी आभाळावर. आई डाळिंबाच्या बागेत रोजानं जाते. गोठ्यात कपिली नावाची जर्सी गाय, तिची कालवड आणि चार शेळ्या. शेळ्या आजीच्या. त्या विकायच्या कधी, पैसा जाणार कुठं, हे आजी ठरवणार.

आजोबा होते तोवर गोठा त्यांचा होता. पोरगी त्यांच्या मागं मागं फिरायची. दावं सोडायचं कसं, गाय लाथ मारणार हे तिच्या कानावरून ओळखायचं कसं, वासरू किती वेळ लावायचं, गोचीड चिमटीत धरून कसं ओढायचं, हे सगळं ती तिथं शिकली. आजोबा मागच्या माघात गेले. त्यानंतर गोठ्याचं काय करायचं यावर घरात कधी बोलणं झालं नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेण पडलेलं होतं, ते पोरीनं काढलं, एवढंच. मग पाणी. मग दुधाची किटली. मग शेळ्या. एकेक काम असं तिच्याकडं सरकत आलं आणि जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सगळा गोठा तिच्या अंगावर होता. धार तेवढी आई काढायची.

वैरण कापायचं काम मात्र आजोबांनी तिला कधी दिलं नव्हतं. विळा तेच चालवायचे. त्यामुळं कुठलं हिरवं कधी कापायचं आणि कधी नाही, हे तिला सांगायची वेळच कधी आली नव्हती. पुढचं सगळं या एका गोष्टीवरून घडलं.

शाळेच्या बाजूनं दिसलेली अडचण

मला दिसलं ते एवढंच: पोरगी उशिरा येते, पेंगते, गणितात मागं आहे आणि कोपऱ्यात एकटी बसते. कोपऱ्यात का बसते, तर शेजारची पोरगी म्हणाली होती, "बाई, हिच्या हाताला शेणाचा वास येतो." मी त्या पोरीला रागावले आणि विषय संपवला. वास येत होता हे खरं होतं. सकाळी हात राखेनं घासून साबणानं धुतले तरी शेणाचा वास नखांत बसतो. माझं बालपण खटावच्या बाजूला शेण्या थापण्यात गेलंय, मला हे माहीत असायला पाहिजे होतं.

उशिराबद्दल मी तिला दोनदा वर्गाबाहेर उभी केली. मुलाला शारीरिक किंवा मानसिक त्रास देणारी शिक्षा करू नये असं शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमात लिहिलंय, ते आम्ही प्रशिक्षणात वहीत उतरवूनही घेतलंय. तरी केली.

एक गोष्ट हजेरीत डोळ्यासमोर होती आणि ती मला वाचता आली नाही. पहिल्या चार शनिवारांपैकी तीन शनिवारी ती उशिरा होती आणि एका शनिवारी गैरहजर. शनिवारी शाळा सकाळची असते आणि दूध संकलन केंद्रही त्याच वेळी चालू असतं. इतर दिवशी ती कशीबशी पोचायची, शनिवारी पोचणं शक्यच नव्हतं. हे मला कळलं ऑगस्टमध्ये.

त्या गुरुवारी काय झालं

जुलैचा तिसरा आठवडा. पावसानं ओढ दिलेली. जूनच्या सुरुवातीला पेरलेलं कडवळ, म्हणजे चाऱ्यासाठीचा हिरवा जोंधळा, गुडघ्याएवढं होऊन थांबलेलं, पानं दुपारी सुरळीसारखी गुंडाळायची. कडब्याच्या गंजीत शेवटच्या पाच-पंचवीस पेंढ्या उरलेल्या. हत्तीगवताची कापणी अजून लांब.

पोरगी सव्वापाचला घरी आली. आजी नात्यातल्या एका बाळंतिणीला बघायला गेलेली. शेळ्या सकाळपासून बांधावर बांधलेल्या, भुकेल्या. तिनं आईला फोन लावला, वैरण काय टाकू म्हणून. आई बागेत. खालून मुकादम हाक मारतोय, वरून फोन. आई म्हणाली, "बांधाकडंचं काय तरी काप आन् टाक." फोन बंद.

पोरीनं विळा घेतला आणि बांधाकडंचं जे हिरवं दिसलं ते कापलं. कडवळ. डोक्यावर भारा आणला, निम्मा शेळ्यांपुढं, निम्मा गाईपुढं. चांदी नावाची शेळी गाभण होती आणि चौघींत दांडगी. बाकीच्यांना ढुशा मारून गव्हाणीत पहिलं तोंड तिचं. पंधरा-वीस मिनिटांत चांदीच्या तोंडातून फेस यायला लागला, श्वास भात्यासारखा, पुढचे पाय मुडपले आणि मान पाठीकडं वळली. पोरीला वाटलं घशात काही अडकलं. तिनं तिचं तोंड उघडून आत बोट घालून बघितलं. मग शेजारच्या तात्यांकडं पळाली.

तात्यांनी आल्या आल्या शेळीकडं बघितलं नाही. गव्हाणीकडं बघितलं आणि दोन्ही हातांनी कडवळ बाहेर ओढून उकिरड्याकडं फेकलं. मग विचारलं, "कुणी कापलं हे?" त्यांच्या त्या दोन मिनिटांनी गाय वाचली असं डॉक्टर नंतर म्हणाले. शिवाय कपिलीनं सकाळी कडबा खाल्ला होता, पोट अगदी रिकामं नव्हतं, आणि ती निवांत खाते.

याला आमच्याकडं किराळ लागणं म्हणतात. कोवळ्या जोंधळ्यात धुरीन नावाचं द्रव्य असतं. पाण्याचा ताण बसला, वाढ खुंटली की ते वाढतं. फुलोरा येऊन गेला की कमी होत जातं. जनावरानं चावलं की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं आणि रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात ते फार झपाट्यानं सुटतं. रक्तात प्राणवायू असतो, पण शरीराच्या पेशींना तो वापरता येत नाही. म्हणून अशा जनावराच्या हिरड्या, डोळ्यांच्या कडा लालभडक दिसतात. कापलेल्या जोंधळ्याच्या बुडख्यांना पाऊस लागून जे फुटवे येतात तेही तितकेच घातकी. मी हे सगळं नंतर डॉक्टरांकडून ऐकलं. "तुटल्या जोंधळ्यात जनावर घालू नये" एवढं एक वाक्य आजीला पन्नास वर्षं माहीत होतं.

तालुक्याहून डॉक्टर यायला पाऊण तास लागला. तोवर चांदी गेली होती. गाय आणि दुसरी शेळी काळी, दोघी थरथरत होत्या. डॉक्टरांनी त्यांना शिरेतून सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट दिलं. रात्री नऊला कपिलीनं पाणी पिलं. मधल्या वेळात आजी आली होती आणि तिनं गुळाचं पाणी करून आडव्या पडलेल्या चांदीच्या तोंडात ओतलं होतं. डॉक्टरांनी तेव्हा काही म्हटलं नाही, दुसऱ्या दिवशी सांगितलं: आडव्या पडलेल्या जनावराच्या तोंडात काही ओतू नका, ते फुफ्फुसात जातं.

आजी पोरीला जे म्हणाली ते मी इथं लिहीत नाही. आईच्या फोनचं पोरीनं कुणालाच सांगितलं नाही.

मी काय केलं

शुक्रवारी ती वेळेवर आली. प्रार्थनेच्या आधी पाच मिनिटं. शनिवारीही सकाळी साडेसातला हजर. मी वर्गासमोर तिचं कौतुक केलं. "बघा, मनावर घेतलं की जमतं," असं म्हणाले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ती खाली बघत उभी राहिली.

सोमवारी मधल्या सुट्टीत तिच्या गल्लीतली एक चिमुरडी मला म्हणाली, "बाई, तिची शेळी मेली, आन् ती आता गोठ्यात जातच न्हाय." वेळेवर यायचं कारण ते होतं.

त्या संध्याकाळी मी घरी गेले. शिक्षक घरी आला की आधी चहा होतो, मग पोराची तक्रार होते, अशी आमच्याकडं रीत आहे. मी चहा घेतला आणि तक्रार केली नाही, त्यामुळं सगळेच जरा अवघडले. आजीनं सुरुवात केली: "कामानं पोर मरत न्हाय ओ बाई. आमी शेण काढून काढूनच मोठं झालो." मी म्हटलं, "आजी, मीपण." मग ती जरा मोकळी झाली.

घड्याळ लावून बघितलं

मला त्या दिवशी सुचलेली एकच बरी गोष्ट म्हणजे मी काम बंद करा असं म्हटलं नाही, काम किती आहे ते लिहू म्हटलं. पोरीलाच वहीत लिहायला लावलं, मोबाईलचं घड्याळ बघून, तीन दिवस. त्या तीन दिवसांसाठी ती नाइलाजानं पुन्हा गोठ्यात गेली. शेण काढून गोठा झाडणं ३५ मिनिटं. पाणी पाजणं २०. दूध घालून येणं, रांगेसकट, ५०. शेळ्या बांधावर नेऊन बांधणं ४०. संध्याकाळी शेळ्या आणणं २०, वैरण ३०, पाणी १५, पुन्हा डेअरी ४५. बेरीज २५५ मिनिटं, म्हणजे सव्वाचार तास. भावाला अंगणवाडीत सोडणं यात नाही.

तो आकडा बघून आई पहिल्यांदा रडली. शेळी गेली तेव्हा रडली नव्हती. मग तिनंच फोनचं सांगितलं, सासूसमोर: "काय तरी काप म्हणून म्याच सांगितलं होतं." आजी बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "पोरीला म्या इनाकारण बोलले."

वहीच्या पानांत खूण म्हणून डेअरीच्या पावत्या घातलेल्या होत्या. लिटर ४.२, फॅट ३.८, एसएनएफ (म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) ८.३. मी सहज विचारलं, हे काय गं? तर म्हणाली, "एसएनएफ साडेआठाच्या खाली गेला की दर कापत्यात. आठ पॉइंट तीन आला म्हंजे पाणी घातलेलं नसतंय बाई, पेंड कमी पडल्याली असती." या पोरीला मी त्याच महिन्यात दशांश अपूर्णांकांच्या चाचणीत दहापैकी दोन गुण दिले होते.

कोणते पर्याय होते

गाय विकणं. हा मी सुचवला आणि आईनं हिशोब मांडला. दिवसाला आठ लिटर, एकतीस रुपये दर, दहा दिवसांचं बिल अडीच हजाराच्या आत. त्यातून गोळी पेंडीचं पोतं सोळाशेचं. हातात हजाराच्या आत-बाहेर, पण तो दर दहा दिवसांनी न चुकता येतो आणि किराणा त्यावर चालतो. नवऱ्याचे पैसे येतात ते सोसायटीच्या कर्जाला. मी विषय सोडला. पोरीचे सव्वाचार तास त्या हिशोबात कुठंच नव्हते, हे मात्र आईच्याही लक्षात आलं.

शेळ्या विकणं. आजी तयार नव्हती, आणि तिचं चूक नव्हतं. दवाखाना, लग्नाचा आहेर, बियाणं, अडलं की करडू विकायचं, ही या भागातली बँक आहे. चांदीला गाभण म्हणून नऊ हजाराला मागणी आली होती, तेव्हाही आजीनं दिली नव्हती.

पोरीला मामाकडं ठेवणं. आजीचा प्रस्ताव. मामाचं गाव जतकडं, त्यांच्याकडं मेंढरं. पोरगी एका गोठ्यातून दुसऱ्या वाड्यात गेली असती, वर शाळा बदलली असती. आईनंच नको म्हटलं.

पोरीचं काम पूर्ण बंद करणं. खरं सांगायचं तर मी मनात हेच ठरवून गेले होते. कायदा काय म्हणतो तेही बघून ठेवलं होतं. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, त्यानुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. घरच्या कामात मदत करता येते, पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, आणि धोक्याचं काम नको. म्हणजे शेण काढणं गुन्हा नाही, आणि शनिवारची शाळा बुडवून दूध घालायला पाठवणं बरोबर नाही. पण या पर्यायाला खुद्द पोरीनंच मोडता घातला. "शेळ्या मी बघणार न्हाय," ती म्हणाली. "पर कपिलीला मीच बघणार. ती दुसऱ्याला लाथ मारती." आजोबांनंतर गाईला तिचा हात लागलेला. गोठा तिच्याकडून काढून घेतला असता तर चांदीचा ठपका कायमचा तिच्या माथी बसला असता, असं मला त्या क्षणी वाटलं. बरोबर वाटलं का, ते अजून सांगता येत नाही.

उरला तो कामं वाटायचा पर्याय.

काय केलं

तात्या स्वतःचं दूध मोटारसायकलवरून घालायला जातातच. त्यांच्या हँडलला आणखी एक किटली अडकवायची, बदल्यात आई सुगीत त्यांच्या जोंधळ्याच्या काढणीला दोन दिवस बिनपैशाचं जाणार. पोरीचे दोन्ही वेळचे मिळून ९५ मिनिटं वाचली. सकाळी शेळ्या बाहेर न्यायचं काम आजीनं घेतलं; लांबच्या बांधाऐवजी घरामागच्या बाभळीखाली, म्हणजे गुडघ्याला झेपेल. वैरण आईनं रात्रीच कापून, ओल्या पोत्याखाली झाकून ठेवायची, पोरीनं ती फक्त गव्हाणीत टाकायची. आधीचे सव्वाचार तास पावणेदोनवर आले.

तीन गोष्टी पोरीच्या हातून पूर्ण काढल्या: विळा, विजेचं कडबा कुट्टी मशीन आणि माजावर आलेली गाय धरणं. कुट्टी मशीन ती चालवत नव्हती, पण आईनं दिवाळीला जुनं एखादं घ्यायचा विचार बोलून दाखवला म्हणून ते आत्ताच लिहून ठेवलं. त्या मशीनमध्ये बोटं गेलेली माणसं या तालुक्यात शोधायला लांब जावं लागत नाही.

भिंतीवर कोळशानं आजीनं सांगितलेलं पोरीनं लिहिलं. कडवळ फुलोऱ्याआधी नाही. जोंधळ्याचे फुटवे नाहीत. ओला लसूणघास उपाशीपोटी नाही, पोट फुगतं. जनावर आडवं पडलं तर तोंडात काही ओतायचं नाही. आधी गव्हाण रिकामी करायची, मग फोन. तोंडात न ओतायची ओळ आजीनं स्वतः सांगितली, आवाज जरा खाली घेऊन. खाली डॉक्टरांचा नंबर आणि पशुवैद्यकीय फिरत्या पथकाचा १९६२.

शाळेतही एक काम केलं. 'आनंददायी शनिवार' या शाळेतल्या उपक्रमाच्या तासाला पशुधन पर्यवेक्षकांना बोलावलं. त्याआधी वर्गात हात वर करायला लावले: बावीसपैकी चौदा पोरांकडं घरच्या जनावरांचं रोजचं काही ना काही काम होतं. मला निम्म्यांचं माहीत नव्हतं. पर्यवेक्षकांनी घटसर्प-फऱ्याची लस पावसाळ्याआधी का टोचतात, शेळ्यांना आंत्रविषाराची का, लाळ्या-खुरकूत झालेल्या गाईचं वासरू वेगळं का बांधायचं, असं तासभर सांगितलं. पोरांचे प्रश्न संपेनात. एकानं विचारलं, लम्पी झालेल्या गाईचं दूध उकळून प्यायचं का ओतून द्यायचं. उकळून प्यावं, पर्यवेक्षक म्हणाले, हा रोग माणसाला होत नाही. त्या पोराच्या घरी २०२२ च्या साथीत दोन महिने दूध ओतून दिलं होतं म्हणे. आमची पोरगी मागं बसून ऐकत होती. किराळाचं बोलणं निघालं तेव्हा मी पर्यवेक्षकांकडं बघून मान हलवली, विषय टाळा म्हणून. तेवढ्यात तिनंच हात वर केला आणि विचारलं, "कापून वाळवल्यावर चालतंय का?" चालतं, चांगलं वाळलं की विष बरंच उतरतं, मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला चारा, करूनही उतरतं, पर्यवेक्षक म्हणाले. तिनं वहीत लिहून घेतलं.

पुढं काय झालं

ऑगस्ट-सप्टेंबरात शनिवारी ती एकदाच उशिरा आली. दशांश अपूर्णांक मी पुन्हा शिकवले, या वेळी डेअरीच्या पावत्यांवर, आणि वर्गातल्या आठ-दहा जणांना पावती वाचता येते हे कळलं. ती पुढच्या बाकावर आपणहून आली नाही. मी जागा बदलली तेव्हा आली.

कपिलीचं दूध त्या आठवड्यात निम्म्यावर आलं होतं, पंधरवड्यात भरून आलं. काळीनं पुढं एक करडू दिलं. चांदीचा पैसा गेला तो गेला, विमा नव्हता.

दिवाळीनंतर घडी विस्कटायला लागली. डाळिंबाची तोडणी सुरू झाली, आई अंधारात जायची आणि अंधारात यायची, रात्रीची वैरण राहायला लागली. थंडीनं आजीचा गुडघा आखडला, शेळ्या पुन्हा पोरीकडं आल्या. तात्या महिनाभर लेकीकडं गेले तेव्हा किटलीही. जानेवारीत मी परत वही मागितली तर बेरीज तीन तासांवर होती. वडील दिवाळीला आले होते, त्यांना मी भेटले. भला माणूस, सगळं ऐकून घेतलं, "बाई, बघतो" म्हणाला आणि सुट्टी संपल्यावर गेला. पैसे मात्र पाठवले, त्यातून आईनं शंभर पेंढ्या कडबा विकत घेतला. त्यामुळं निदान हिरवं कापायची पाळी आली नाही.

आणि पोरगी कडवळाला अजून हात लावत नाही. फुलोरा येऊन गेलेलं, आईनं कापून ठेवलेलं असलं तरी. ते गव्हाणीत टाकायचं काम आजी करते.

आता मागं बघताना

आजोबा गेले त्या आठवड्यात घरानं अर्धा तास बसून कोण काय करणार हे ठरवायला हवं होतं, असं म्हणणं सोपं आहे. सुतकात कुणी तसं बसत नाही. पण जूनमध्ये शाळा उघडताना मी प्रत्येक पोराला सकाळी उठल्यापासून काय करतोस एवढं विचारलं असतं तर शनिवारचं कोडं पहिल्याच आठवड्यात सुटलं असतं. यंदापासून तो माझ्या वर्गाचा पहिला निबंध आहे. 'माझी सकाळ', दहा ओळी, घड्याळासकट.

आईचा तो फोन मी पुष्कळदा डोक्यात फिरवला. "काय तरी" या दोन शब्दांत विळा, रान आणि निर्णय, तिन्ही अकरा वर्षांच्या पोरीकडं गेले. पण आईकडं त्या वेळी दुसरं काय होतं? गंजीत पंचवीस पेंढ्या होत्या, त्यातल्या दोन टाक म्हणाली असती तर चाललं असतं. कडबा पुरवून वापरायचा हे तिच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की ते सुचलंच नाही. टंचाईच्या गावात वाढलेल्या बाईला ते सुचणं अवघडच.

तात्यांवर सगळी डेअरी टाकणं ही माझी चूक. एका माणसावर टेकलेली व्यवस्था तो माणूस लेकीकडं गेला की बसते. गल्लीत दूध घालणारी आणखी तीन घरं होती, पाळी लावता आली असती. पुढच्या खेपेला तसं करू.

कौतुकाचं मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "असू द्या बाई." त्यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही.

कपिली ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भरवली, ती मेच्या दुसऱ्या आठवड्यात व्यायची आहे. तिला आटवायला आता सुरुवात केलीय, म्हणजे दोन महिने डेअरी नाही. व्याल्यावर चीक, जार पडायची वाट बघणं, रात्रीची जाग, हे सगळं येणार आणि पोरगी तिथून हलणार नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मे महिना आहे, शाळेला सुट्टी असते.